मॅट्रिकचा पहिला नंबर



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोता लढाया, तह, सनदा आणि बखरी यांची अपेक्षा ठेवून येतो. मी आज घेतलेला विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. शाळेतून बाहेर पडताना ज्यांचा पहिला नंबर आला त्यांनी पुढे आपल्या शाळेकडे मागे वळून पाहिले तेव्हा त्यांना काय दिसले, एवढाच माझा प्रश्न. परंतु गेल्या दीडशे वर्षांत मराठी माणसाच्या घरात सर्वांत अधिक उत्कंठेने वाट पाहिली गेलेली घटना कोणती, असे कोणी विचारले तर मी तरी परीक्षेचा निकाल असेच उत्तर देईन. राज्ये आली आणि गेली, पण निकालाच्या दिवशीची धडधड काही कमी झाली नाही. तेव्हा या विषयाला इतिहास म्हणण्यात काही अनुचित होते आहे असे मला वाटत नाही.

या कथेचा आरंभ १८५९ सालापासून करावा लागतो. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि दोन वर्षांनी त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. सिंधपासून धारवाडपर्यंत पसरलेला अवाढव्य इलाखा, आणि परीक्षेस बसलेले विद्यार्थी १३२! त्यांतून उत्तीर्ण झाले २२. आज एखाद्या लहान शाळेच्या एका तुकडीत याहून अधिक मुले उत्तीर्ण होतात. परंतु त्या बावीसांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक होते. तीन वर्षांनी, १८६२ साली, हेच चौघे विद्यापीठाचे पहिले बी. ए. झाले.

त्या काळी पहिल्या नंबराचा विद्यार्थी पुढे काय करी? बहुधा शाळेतच परत येई. मोडक एल्फिन्स्टन हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. भांडारकर सिंधमधील हैदराबादच्या आणि मग रत्नागिरीच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते. शाळेत शिकवीत असतानाच्या त्या वर्षांत त्यांनी इंग्रजी शाळांतील मुलांसाठी संस्कृताचे पहिले पुस्तक आणि पाठोपाठ दुसरे पुस्तक रचले. घोकंपट्टीची जुनी पाठशाळा आणि नवी इंग्रजी शाळा यांच्यामध्ये त्या दोन लहानशा पुस्तकांनी जो पूल घातला त्यावरून पुढच्या कित्येक पिढ्या चालत गेल्या. भांडारकरांचे मोठमोठे संशोधनग्रंथ पंडितांनी वाचले, पण त्यांचे नाव घरोघर गेले ते या पुस्तकांमुळे. आजोबांच्या तोंडी ‘भांडारकरांचे पहिले पुस्तक’ हे शब्द ज्यांनी ऐकले असतील अशी काही मंडळी या सभेतही असतील.

याच दशकात आणखी एक गोष्ट घडली. मुंबईचे प्रख्यात दानशूर नागरिक जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना शंकरशेट, १८६५ च्या जुलै महिन्यात निवर्तले आणि त्यांच्या नावाने विद्यापीठात एक शिष्यवृत्ती सुरू झाली. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात अग्रक्रम मिळविणाऱ्यास ती मिळे. पाहता पाहता ‘शंकरशेट स्कॉलर’ हा शब्द मराठी घरात एखाद्या पदवीसारखा उच्चारला जाऊ लागला. मुलीसाठी स्थळ पाहतानासुद्धा तो उपयोगी पडे! जुन्या शाळांच्या सभागृहांत लाकडी फलकांवर सोनेरी अक्षरांत जी नावांची ओळ असे तीत या शिष्यवृत्तीच्या रकान्याला मान निराळाच. मॅट्रिकच्या पहिल्या नंबराइतकाच, काही ठिकाणी त्याहूनही अधिक.

या शंकरशेट स्कॉलरांपैकी एकाची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. सावंतवाडीच्या बाजूच्या एका खेड्यात १८५८ साली वामन शिवराम आपटे जन्मले. लहानपणीच पितृछत्र हरपले आणि मुलगा कोल्हापुरास आला. तेथील हायस्कुलात ‘राजा शिवाजी’ काव्याचे कर्ते महादेव मोरेश्वर कुंटे मुख्याध्यापक होते. कुंटे मोठे तऱ्हेवाईक आणि तितकेच मोठे विद्वान. त्यांची नजर या मुलावर गेली आणि त्यांनी त्याला हाताशी धरले. १८७३ साली हा पोरका मुलगा शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवून मॅट्रिक झाला, तेव्हा त्याचे वय पंधरा होते. पुढे डेक्कन कॉलेजात कीलहॉर्नसाहेबांच्या हाताखाली संस्कृताचे अध्ययन, एम. ए., आणि मग सरकारी नोकरीची वाट सोडून पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलचे सुपरिंटेंडेंटपद. ही शाळा चिपळूणकर, टिळक आदी मंडळींनी १८८० च्या जानेवारीत काढलेली. आपट्यांनी तेथे शिकविले, शाळेची घडी बसविली, विद्यार्थ्यांसाठी संस्कृत लेखनाचे मार्गदर्शक पुस्तक लिहिले आणि १८९० साली संस्कृत-इंग्रजी कोश पुरा केला. १८९२ च्या ऑगस्टात ते वारले. आयुष्य अवघे चौतीस वर्षांचे! कोश आज सव्वाशेहून अधिक वर्षांनीही जगभरच्या संस्कृत अभ्यासकांच्या टेबलावर आहे. आपटे आत्मचरित्र लिहावयास राहिलेच नाहीत. पण ज्या हायस्कुलात एका शिक्षकाने आपल्याला उचलून धरले तेथून निघालेला मुलगा आयुष्यभर दुसऱ्या मुलांच्या हाती पुस्तके देत राहिला, हेच त्यांचे आपल्या शाळेविषयीचे लिखाण समजावयास हरकत नाही.

येथवर कथा मोठी गोमटी आहे. आता तिची दुसरी बाजू.

१८८२ साली हंटरसाहेबांचे शिक्षण कमिशन मुंबई इलाख्यात आले. त्याच्यापुढे पुण्याहून ज्यांनी साक्षी दिल्या त्यांत न्यू इंग्लिश स्कूलतर्फे आपटे होते आणि जोतीराव फुलेही होते. दोघे एकाच शहरातले, वर्ष तेच, विषय तोच. आपट्यांची शाळा त्या वेळी यशाच्या लाटेवर होती. जोतीरावांनी आपल्या निवेदनात शिष्यवृत्त्यांबद्दल जे म्हटले आहे ते मात्र फार थोड्या लोकांच्या ध्यानात राहिले. चढाओढीने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत दिसावयास न्याय्य असली तरी तिने शिक्षणापासून दूर राहिलेल्या वर्गांत विद्येचा प्रसार होत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ. गुणांना बक्षीस देऊ नका असे जोतीराव म्हणत नव्हते. जो धावपट्टीपर्यंत पोहोचलाच नाही त्याला धावण्याचे बक्षीस काय कामाचे, एवढाच त्यांचा सवाल होता. हा सवाल किती खरा होता हे तीन मुलांच्या संस्कृताच्या तासावरून दिसून येईल. तिघांचीही नावे आपणांस पाठ आहेत.

पहिला मुलगा राजकोटचा. १८८७ साली मॅट्रिकला बसलेल्या ३०६७ जणांतून ७९९ उत्तीर्ण झाले आणि त्यांत याचा क्रमांक ४०४ वा लागला. म्हणजे पहिल्या नंबराशी याचा दूरान्वयानेही संबंध नाही. मोहनदास करमचंद गांधी हे त्याचे नाव. आपल्या आत्मकथेत गांधींनी शाळेविषयी बरेच लिहिले आहे. इन्स्पेक्टर जाइल्स यांनी घातलेल्या पाच इंग्रजी शब्दांपैकी ‘केटल’ हा शब्द त्यांचा चुकला, शिक्षकाने बुटाच्या टोकाने शेजाऱ्याच्या पाटीकडे पाहण्याची खूण केली आणि ती त्यांना कळलीच नाही, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पण मला येथे दुसरी गोष्ट हवी आहे. संस्कृताचे शिक्षक कडक, फारसीचे मवाळ. मुले आपसांत म्हणत की फारसी सोपी. मोहनदास एके दिवशी हळूच फारसीच्या वर्गात जाऊन बसला. संस्कृताचे शिक्षक कृष्णशंकर पंड्या यांना त्याचे वाईट वाटले. त्यांनी मुलाला बोलावून घेतले, तू कोणाचा मुलगा, तुझ्या धर्माची भाषा तू शिकणार नाहीस काय, असे विचारले आणि अडेल तेथे मी शिकवीन म्हणून सांगितले. मुलगा लाजला आणि परत आला. त्या शिक्षकाचे आपल्यावर उपकार आहेत असे गांधींनी उतारवयात कृतज्ञतेने लिहून ठेवले. वर्ग सोडून गेलेल्या मुलाला शिक्षक स्वतः बोलावून परत आणतो, हे दृश्य मनात ठेवा.

दुसरा मुलगा सातारा आणि मुंबई येथील शाळांतला. त्याला संस्कृत शिकावयाचे होते, पण तो अस्पृश्य मानलेल्या जातीतला म्हणून शिक्षकाने शिकविण्याचे नाकारले. निरुपायाने त्याने फारसी घेतली. गांधी फारसीच्या वर्गात गेले ते आपल्या इच्छेने, आणि त्यांना परत बोलावण्यात आले. हा मुलगा फारसीच्या वर्गात लोटला गेला, आणि त्याला परत बोलावणारे कोणी नव्हते. हा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. शंकरशेट शिष्यवृत्तीची शर्यत त्यांच्यापुरती सुरू होण्यापूर्वीच संपली होती.

आंबेडकरांनी आपल्या शाळेच्या आठवणी थोड्याच लिहिल्या आहेत, पण त्या एकदा वाचल्या की विसरता येत नाहीत. वर्गात कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. खाली अंथरावयाचे तरट घरून न्यावे आणि संध्याकाळी घरी आणावे लागे, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावीत नसे. तहान लागली तर नळाला स्पर्श करण्याची सोय नव्हती. शिक्षकाची परवानगी तर लागेच, शिवाय शिपायाने नळ सोडला तर पाणी. शिपाई हजर नसला तर पाणी नाही. मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात आल्यावरची एक हकीकत चरित्रकारांनी नमूद केली आहे. शिक्षकांनी उदाहरण सोडविण्यासाठी या मुलाला फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून वर्गातल्या मुलांची ते उचलण्यासाठी एकच धावपळ उडाली. घरी परळच्या चाळीत एक खोली. मुलाने पहाटे अभ्यासास उठावे म्हणून वडील सुभेदार रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहात आणि त्याला उठवून मगच आडवे होत.

१९०७ साली आंबेडकर मॅट्रिक झाले. ७५० पैकी गुण २८२. गुणानुक्रमाने पाहिले तर कोणत्याही फलकावर नाव लागणार नाही असा हा निकाल. परंतु सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सभा भरली, मुलाचा सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. केळुसकरांना हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसलेला दिसे, तेथे त्यांची ओळख झाली होती. पुढे सयाजीराव महाराजांकडून त्याला दरमहा २५ रुपयांची मदत मिळाली तीही केळुसकरांच्या खटपटीने. हे केळुसकर आंबेडकरांच्या शाळेतले शिक्षक नव्हेत, ते विल्सन हायस्कुलात शिकवीत. हातातल्या फलकाच्या बाहेर पाहणारे शिक्षकही त्या काळात होते, हे यासाठी सांगावयाचे.

तिसरा मुलगा कुलाबा जिल्ह्यातला, महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेला. वडील रोह्यास वकील. १९१२ साली, म्हणजे आंबेडकरांनंतर पाचच वर्षांनी, त्याच विद्यापीठाच्या त्याच परीक्षेत हा मुलगा सबंध इलाख्यात पहिला आला आणि संस्कृताची पहिली शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यानेच पटकावली. हे चिंतामण द्वारकानाथ देशमुख. पुढे केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळविले आणि १९१८ साली आय. सी. एस. च्या परीक्षेतही ते पहिलेच आले. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर ते १९४३ साली झाले, १९५० साली भारताचे अर्थमंत्री झाले आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. हा सारा इतिहास आपणांस ठाऊक आहेच. मला कुतूहल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. एवढ्या कारभारातून वेळ काढून या गृहस्थांनी कालिदासाचे मेघदूत मराठी पद्यात आणले आणि स्वतःही संस्कृतात काव्यरचना केली. सोळाव्या वर्षी शिष्यवृत्तीसाठी घोटलेला विषय अनेकांच्या डोक्यातून निकालाच्या दुसऱ्या दिवशी निघून जातो. देशमुखांच्या मनात तो अखेरपर्यंत राहिला. पहिल्या नंबराची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

आणि आता गंमत पाहा. १९५० च्या उन्हाळ्यापासून १९५१ च्या सप्टेंबरापर्यंत हे दोघे एकाच मंत्रिमंडळात बसत होते. देशमुख अर्थमंत्री, आंबेडकर विधिमंत्री. एक संस्कृताचा शंकरशेट स्कॉलर. दुसऱ्याला संस्कृताच्या वर्गात बसू दिले नव्हते, आणि त्याने पुढे स्वतःच्या कष्टाने ती भाषा हस्तगत केली. इतकेच नव्हे, तर १९४९ साली राजभाषेचा वाद चालू असताना संस्कृतास राजभाषेचा मान द्यावा अशा सूचनेला आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. शाळेतल्या त्या शिक्षकाला हे कळले असते तर त्याला काय वाटले असते, याचा विचार कधीकधी मनात येतो.

मुलींच्या बाबतीतही हेच घडले, फक्त तऱ्हा निराळी. नाशकास जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलांमध्ये एकट्या शिकत. वर्गात शिरू लागले की तोंडावर दार लावून घेणारे सहाध्यायी होते, असे त्यांनी १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत लिहिले आहे. पदवीच्या परीक्षेत त्या अग्रभागी आल्या. ज्या क्रमांकावर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची तो क्रमांक त्यांनी मिळविला आणि शिष्यवृत्ती मात्र मिळाली नाही, कारण ती स्त्रियांसाठी नव्हती. शेवटी खासगी मदतीवर १८८९ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या. मुलाने पहिले यावे म्हणून घरोघर नवस बोलले जात त्या काळात मुलीचा पहिला नंबर म्हणजे व्यवस्थेला पडलेले कोडे होते. हा विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे, म्हणून येथे एवढ्यावरच थांबतो.

मनुष्य साठीत शाळा आठवू लागला की त्याला प्रथम काय आठवते? या दृष्टीने आत्मचरित्रे चाळली तर एक चमत्कारिक गोष्ट आढळते. क्रमांक एखाद्या वाक्यात उरकलेला असतो आणि भलतीच एखादी वस्तू दोन पाने व्यापून राहते. धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ पाहा. कर्वे काही इलाख्यात पहिले आलेले नव्हेत. पण दापोलीजवळच्या मुरुडहून सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी १८७५ साली भर पावसात, डोंगर तुडवीत, शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्यास जाणे आणि तेथे ‘तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ म्हणून परीक्षेस बसूच न देणे, हा प्रसंग ज्याने वाचला त्याला कर्व्यांची पुढची सारी जिद्द कळते. पुढच्या वर्षी ते कोल्हापुरास जाऊन ती परीक्षा उत्तीर्ण झाले. याच कर्व्यांनी आपला मावसा-मामांच्या गोतावळ्यातला एक हुशार मुलगा मुंबईस आपल्या बिऱ्हाडी शिकावयास आणला. तो रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. १८९९ साली तो केंब्रिजचा सीनियर रँग्लर झाला आणि सबंध हिंदुस्थानात त्याचे नाव दुमदुमले. परांजप्यांच्या यशाचा इतिहास लिहिणाराने साताऱ्याच्या त्या पायपिटीपासून आरंभ करावा असे माझे मत आहे. परीक्षेच्या दारातून परत पाठविलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मुलाला दारापर्यंत नेण्याचे मोल अधिक कळते.

आता अलीकडच्या काळात येऊ. जयंत नारळीकर यांचे बालपण काशीस गेले. वडील विष्णुपंत हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतज्ञ. २०२५ सालच्या मे महिन्यात नारळीकर निवर्तले. त्यांच्या पदव्यांची व सन्मानांची यादी लांबलचक आहे, परंतु बालपणाविषयी ते बोलू लागले की घरातल्या फळ्याची आठवण हटकून निघे. मोरेश्वर हुजुरबाजार हे त्यांचे मामा उच्च शिक्षणासाठी त्यांच्या घरी राहात. मामा त्या फळ्यावर ‘जयंतसाठी आव्हान’ म्हणून गणिताचे एक कोडे लिहून ठेवीत आणि ते सुटेपर्यंत पुसले जात नसे. कधी दिवस जात. कोणी गुण देत नव्हते, कोणी घड्याळ लावून बसले नव्हते. फळा दोन्ही घरचा तोच, काळा आणि खडूने पांढरा होणारा. एका मुलाला तो त्याच्या नावाने आव्हान देतो आणि दुसरा मुलगा त्याच्याकडे चालू लागला की डबे उचलण्याची धावपळ होते. काशी आणि मुंबई यांतले अंतर या दोन फळ्यांपुढे काहीच नाही.

गोव्यातील माशेल येथे १९४३ साली जन्मलेल्या रघुनाथ माशेलकरांची हकीकतही अशीच आहे. सहा वर्षांचे असताना वडील वारले. आईने गिरगावात काबाडकष्ट करून मुलाला वाढविले. माध्यमिक शाळेत घालावयाचे तर २१ रुपये जमविणे जड गेले. बारा वर्षांचे होईपर्यंत पायांत वहाण नव्हती. १९६० साली शालान्त परीक्षेच्या गुणवत्ता यादीत हा मुलगा वरच्या क्रमांकांत आला आणि टाटांच्या विश्वस्तनिधीने दरमहा ६० रुपये दिले म्हणून पुढचे शिक्षण झाले. माशेलकर मोठे शास्त्रज्ञ झाले आणि त्यांची शेकडो भाषणे झाली. त्या भाषणांत आपल्या क्रमांकाचा उल्लेख ते ओझरता करीत, पण युनियन हायस्कूलचे मुख्याध्यापक भावे सर यांची आठवण सविस्तर सांगत. सरांनी मुलांना उन्हात नेले, बहिर्गोल भिंग धरले आणि कागदावर सूर्यकिरण एकवटवून तो पेटवून दाखविला. तुमची शक्ती अशी एका ठिकाणी आणा म्हणजे काहीही साधेल, असे ते म्हणाले. आपल्याला विज्ञानाकडे वळविले ते त्या पेटलेल्या कागदाने, असे माशेलकर सांगतात. भिंगाची किंमत ती काय! पण ते भिंग दाखविण्यासाठी वर्ग सोडून उन्हात जाणारा शिक्षक लागतो, आणि त्याची तरतूद कोणत्याही अंदाजपत्रकात करता येत नाही.

परीक्षेचे बाह्य स्वरूप या काळात पुष्कळ बदलले. विद्यापीठाची मॅट्रिक जाऊन १९४९ पासून शालान्त परीक्षा मंडळाची परीक्षा आली. १९६६ साली महाराष्ट्राचे स्वतंत्र मंडळ झाले. १९७५ साली अकरावीऐवजी दहावी ही शाळेची अखेर ठरली. गुणवत्ता यादी हे या काळातले नवे दैवत. यादी जाहीर झाली की बातमीदार नि छायाचित्रकार पहिल्या आलेल्या मुलाचे घर शोधीत जात. आई पेढा भरविते आहे, वडील मागे उभे आहेत, हे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. नावे बदलत, पेढा तोच. मुलाखतही ठरीव साच्याची. रोज नियमित अभ्यास केला, यशाचे श्रेय आईवडिलांना व गुरुजनांना, पुढे डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हावयाचे आहे. शिकवणीवर्ग वाढले तसे एकाच मुलाचे छायाचित्र दोन-तीन वर्गांच्या जाहिरातींतही झळकू लागले. शेवटी चढाओढीचा ताण मुलांना सोसवेना, अशी ओरड झाली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात मंडळाने यादी जाहीर करणे थांबविले. माझ्या मते ते योग्यच झाले. जोतीरावांनी १८८२ साली उपस्थित केलेला प्रश्न मात्र यादीबरोबर गेला नाही. वाडीवस्तीवरून चालत येणारी मुले, आठवी-नववीत गळणाऱ्या मुली, ऊसतोडणीला आईबापांबरोबर जाणारी पोरे यांचा क्रमांक कोणत्याही यादीत कधीच नव्हता.

एक फरक मला फार जाणवतो. भांडारकर, मोडक, आपटे यांच्या पिढीत पहिला आलेला मुलगा शिक्षक होई. देशमुखांच्या पिढीत तो आय. सी. एस. होई. गुणवत्ता यादीच्या काळात तो अभियांत्रिकीला किंवा वैद्यकीला जाई, आणि पुष्कळदा तेथून परदेशी. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. पोटाचा नि महत्त्वाकांक्षेचा ओघ ज्या बाजूला असतो त्या बाजूला माणसे जातात. परंतु कुंट्यांनी आपट्यांना हेरले आणि आपट्यांनी पुढच्या मुलांना, ही साखळी जी शाळेतून शाळेत जात होती ती पहिल्या नंबराच्या मुलांपुरती तुटली, हे इतिहासकाराला नोंदवावे लागते. शाळा चालविल्या त्या मग दुसऱ्या, दहाव्या आणि चारशेचाराव्या नंबराच्या माणसांनी. त्यांनी त्या चांगल्या चालविल्या हेही लगेच सांगितले पाहिजे.

आपल्या गावच्या जुन्या शाळेतही सोनेरी अक्षरांचा एखादा फलक असेलच. काही ठिकाणी तो अडगळीच्या खोलीत गेला आहे, काही ठिकाणी रंगकामात पुसला गेला आहे. व्याख्यानमालेच्या तरुण कार्यकर्त्यांना माझी एक विनंती आहे. त्या फलकावरील नावे प्रथम उतरवून घ्या. त्यांपैकी जे हयात असतील त्यांच्याकडे जा आणि किती गुण मिळाले हे विचारू नका, ते शाळेच्या दप्तरात सापडेल. रात्री दिवा कोणता होता, तेल कोण घाली, कोणते शिक्षक घरी बोलावून शिकवीत, जेवणाचे वार कोणाकडे होते, पाणी कोठे पीत, हे विचारा. आणि शेजारी बसणारा मुलगा कोण होता, तो शाळा सोडून कोणत्या इयत्तेत गेला आणि का गेला, हेही विचारून लिहून घ्या.